हार्टच्या ऑपरेशननंतर मनाचं काय करायचं? पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी

बायपास किंवा व्हॉल्व्हचं ऑपरेशन करून घरी आलं की हातात डिस्चार्जची जाडजूड फाईल असते. कुठली गोळी कधी घ्यायची, जखम कशी पुसायची, मीठ किती खायचं, रक्त तपासायला कधी यायचं, सगळं तिच्यात असतं. मनाबद्दल बहुतेक फायलींत एक ओळ नसते. आणि घरी येऊन आठवडा होत नाही तोवर कळतं की छातीपेक्षा मनाचाच त्रास जास्त आहे. विनाकारण रडू येतं, झोप लागत नाही, चहा गार झाला एवढ्यावरनं चिडचिड होते, आणि त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो "नवा जन्म झाला बघा तुमचा, आता कसली काळजी". आपल्याला तर काहीच नवं वाटत नसतं, उलट अपराधी वाटत असतं की एवढा पैसा गेला, सगळ्यांची एवढी धावपळ झाली, आणि मी बसलेय रडत.

मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. लहानपणी आलेल्या रुमॅटिक तापानं माझा मायट्रल व्हॉल्व्ह खराब झाला होता, तो बदलून मेटलचा बसवलाय, ऑपरेशन मिरजेत झालं. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवत होते. पण नंतर आमराईत, म्हणजे इथल्या बागेत, फिरायला जायला लागले तेव्हा छातीवर तसाच टाका असलेली बरीच माणसं भेटली, बायपासवाली जास्त, आणि बोलता बोलता लक्षात आलं की प्रत्येकाला वाटत होतं हे फक्त मलाच होतंय. म्हणून हे लिहितेय. मन पण टप्प्याटप्प्यानं बरं होतं, कुठल्या टप्प्यावर काय झालं तर घाबरायचं नाही आणि कुठं मात्र थांबून मदत घ्यायची हे आधी माहीत असेल तर निम्मा त्रास वाचतो.

आयसीयूतलं आधी सांगते, कारण ते घरच्यांसाठी आहे, पेशंट तेव्हा शुद्धीत असून नसल्यासारखाच असतो. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत बऱ्याच पेशंटना भ्रम होतो, वय जास्त असेल तर जास्तच. भिंतीवर माणसं दिसतात, नर्स विष घालतेय असं वाटतं, नळ्या ओढून काढायला बघतात, पोटच्या पोराला ओळखत नाहीत. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हे वेड नाही, बाहेरचं काही नाही, करणी तर अजिबात नाही. आपल्याकडं अजून गावाकडनं फोन येतात की कुणाला तरी दाखवून घ्या, अंगारा आणतो, आणि आणणाऱ्याची माया खरी असते हे मला माहीत आहे, पण त्या घडीला नर्सला आणि डॉक्टरला सांगणं हेच काम, कारण भ्रमामागं कधी इन्फेक्शन असतं, कधी सोडियम खाली गेलेलं असतं, कधी ऑक्सिजन कमी पडत असतो, आणि ते शोधून दुरुस्त करावं लागतं.

घरच्यांना पाच मिनिटं आत सोडतात ना, त्या पाच मिनिटांत काय करायचं ते ऐका. चष्मा, कानाचं मशीन, कवळी जे काही असेल ते सिस्टरला विचारून द्या, कारण न दिसणाऱ्या न ऐकू येणाऱ्या माणसाचा भ्रम वाढतो. शांत आवाजात सांगा, आज अमुक वार आहे, सकाळ झालीय, तुम्ही मिरजेत दवाखान्यात आहात, ऑपरेशन चांगलं झालंय. ते म्हणाले की खाटेखाली मांजर आहे तर वाद घालू नका, आणि हो आहे असंही म्हणू नका, "मी आहे इथं, तुम्हाला काही होत नाही" एवढंच म्हणा. बहुतेकांचं हे काही दिवसांत निवळतं. घरी आल्यावर पेशंटला तुकडे तुकडे आठवतात आणि त्याची लाज वाटते, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका, त्या दिवसांत नेमकं काय काय झालं ते क्रमानं सांगा. कुणी तरी वहीत तारीखवार लिहून ठेवलं असेल तर फारच उत्तम, माझ्या नणंदेनं लिहून ठेवलं होतं आणि ती पानं वाचून माझ्या मनातली दोन-तीन भयानक चित्रं गळून पडली.

घरी आल्यावरचे पहिले आठवडे

रडू येणं, चिडचिड, एकाग्रता नसणं, वाईट स्वप्नं, भूक नसणं हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत खूप जणांना होतं आणि बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत हळूहळू कमी होत जातं. याची कारणं शरीरातच पुष्कळ आहेत. छातीचं मधलं हाड कापून तारेनं बांधलेलं असतं, ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पूर्ण पक्कं व्हायला तीन महिने. रक्त कमी झालेलं असतं. उताणं झोपायची सवय नसताना उताणंच झोपावं लागतं. हृदयाचे ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर गटातली गोळी असते, मेटोप्रोलॉल वगैरे, तिच्यानं काहींना गळल्यासारखं वाटतं आणि स्वप्नं फार पडतात. म्हणून मन फार खाली गेलं तर डॉक्टरांना विचारा की हिमोग्लोबिन, सोडियम, थायरॉइड एकदा बघायचं का. ठोके अनियमित झाले म्हणून अमियोडॅरोन चालू असेल तर थायरॉइडचं आवर्जून विचारा, ती गोळी थायरॉइडवर परिणाम करते. पण कुठलीही गोळी, विशेषतः बीटा ब्लॉकर, आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, ते धोक्याचं आहे.

झोप हे पहिलं काम धरा. दुखत असताना "सहन करायचं" म्हणून रात्रीची दुखण्याची गोळी चुकवणारे खूप आहेत, विशेष करून आपल्याकडची जुनी माणसं. दुखलं की झोप नाही, झोप नाही की दुसऱ्या दिवशी मन काळवंडलेलं. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तेवढी वेळेवर घ्या, पुरत नसेल तर त्यांनाच सांगा. पाठीला उशा लावून थोडं उंचावर झोपा, एक घट्ट उशी छातीशी ठेवा, खोकला आला की ती धरून खोका. दिवसा झोप अर्ध्या-पाऊण तासाच्या वर नको. मेडिकलमधनं परस्पर झोपेची गोळी आणायची नाही.

विसरायला होतं, हेही सांगून ठेवते. नाव आठवत नाही, गॅस बंद केला का आठवत नाही, पेपरचा एक परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम मशीनवर ठेवून, झालेल्या मोठ्या ऑपरेशननंतर हे काही आठवडे, काही जणांना काही महिने राहतं आणि बहुतेकांचं सुधारतं. तोवर वही ठेवा. आणि या काळात जमिनीची खरेदी-विक्री, वाटणीपत्र, कुणाला जामीन राहणं, असल्या कुठल्याही कागदावर सही करायची घाई करू नका, कुणी कितीही मागं लागलं तरी.

माझ्यासारखा मेटलचा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या आवाजाबद्दल कुणी तरी आधी सांगायला हवं. टिक टिक ऐकू येतं. दिवसा घरात गडबड असते तेव्हा कळत नाही, पण रात्री दिवा मालवला, पंखा बंद असला की स्वतःच्या छातीतनं घड्याळासारखा आवाज, तोंड उघडं असलं की आणखी स्पष्ट, आणि मग प्रत्येक टिकेची वाट बघत पडून राहायचं, पुढची आली नाही तर? डाव्या कुशीवर जास्त यायचा, उताणी झाले की कमी. मी बारीक आवाजात आकाशवाणी सांगली लावून ठेवायला लागले, थंडीतसुद्धा पंखा एकवर, आणि मनाला एकच वाक्य शिकवलं, आवाज येतोय म्हणजे झडप उघडतेय मिटतेय, म्हणजे रक्त नीट पुढं जातंय. काही महिन्यांनी कान त्याला सरावतात, खरंच सरावतात, आता माझ्या नातीला छातीवर कान लावून ऐकायला आवडतं. एक मात्र लक्षात ठेवा, नेहमीचा स्पष्ट आवाज अचानक दबला, बंद झाला किंवा सोबत दम लागायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, तिथं मनाची समजूत घालत बसायचं नाही.

छातीत जरा काही झालं की

ही भीती सगळ्यांत चिवट. ऑपरेशन झालेल्या माणसाला छातीतली प्रत्येक कळ म्हणजे "आला परत" असं वाटतं. तर आधी डॉक्टरांना बसवून विचारून घ्या की माझ्या बाबतीत कुठलं दुखणं जखमेचं आणि कुठलं धोक्याचं. साधारणपणे जखमेचं आणि हाडाचं दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं, खोकताना, कूस बदलताना, हात वर करताना वाढतं. छातीवर दाब आल्यासारखं, हाताकडं जबड्याकडं पाठीकडं पसरणारं, घाम फुटणारं, दम कोंडणारं दुखणं, चक्कर येऊन डोळ्यापुढं अंधारी, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, यातलं काही असलं की १०८ ला फोन, वाट बघायची नाही. पहिल्यांदाच काही नवीन वाटलं तरी विचारायचंच, डॉक्टर काय म्हणतील असा संकोच नको.

पण डॉक्टरांनी तपासून, ईसीजी काढून सांगितलं की हार्ट ठीक आहे, आणि तरीही तसंच होत राहिलं, तर मग ते भीतीचं दुखणं समजून त्याचा इलाज करायचा. बसा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा, श्वास नाकानं चार आकडे मोजत घ्या आणि सहा आकडे मोजत हळू सोडा, रोखून धरायचा नाही. पाच मिनिटं करा. मग वहीत लिहा, किती वाजता, काय करत होता, काय विचार आला, किती वेळात गेलं. आठवड्यानं ती पानं चाळली की दिसतं की बहुतेक वेळा संध्याकाळीच येतंय, नाही तर एकटं असताना येतंय, नाही तर कुणाच्या तरी अटॅकची बातमी व्हॉट्सॲपवर वाचल्यावर येतंय. मग त्या वेळेची तजवीज करता येते. त्या बातम्यांचे आणि घरगुती इलाजांचे ग्रुप काही महिने म्यूट करा, हे तर मी सगळ्यांनाच सांगते.

बीपी मशीन घरात आलं की ती आणखी एक सवय लागते, दिवसातनं दहा वेळा पट्टा बांधायचा, आकडा थोडा वर दिसला की घाबरायचं, घाबरलं की तो आणखी वर. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळाच धरा, एरवी मशीन कपाटात.

आणि चाला. मनासाठीचं यापेक्षा चांगलं औषध मला तरी माहीत नाही. पहिल्यांदा घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग डॉक्टर म्हणतील तसं वाढवत सहा आठवड्यांपर्यंत अर्ध्या तासाकडं. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलायला धाप लागली तर वेग कमी करा. सांगलीकरांचं एक बरं आहे, गाव सपाट आहे, चढ नाही. साताऱ्याची माझी मावसबहीण सांगते की तिकडं घरातनं निघालं की चढ नाही तर उतार, तिच्या मिस्टरांना बायपासनंतर सुरवातीला 'चार भिंती' या तिथल्या टेकडीकडं बघायचीसुद्धा भीती वाटायची, त्यांनी गोडोलीच्या तळ्याकाठनं सुरू केलं. आमराई मला आवडते कारण आत गाड्या नाहीत, सावली आहे, दमलं की बसायला बाक आहे, आणि आजूबाजूला माणसं असतात त्यामुळं "चक्कर आली तर कोण बघणार" ही धास्ती कमी होते. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकायचं. पहिले दिवस सोबतीला कुणी तरी घ्या, मग त्यांना बाकावर बसवून एक फेरी एकट्यानं, मग पूर्ण एकट्यानं, खिशात फोन आणि गोळ्यांची चिठ्ठी. एकट्यानं पूर्ण फेरी मारली त्या दिवशी भीतीचं कंबरडं मोडतं.

डॉक्टरांना कार्डियाक रिहॅबबद्दल विचारा. देखरेखीखाली व्यायाम, आहार आणि मनाचं बोलणं असा साधारण बारा आठवड्यांचा कार्यक्रम असतो. जवळ सोय नसेल तर फिजिओथेरपिस्टकडनं लिहून घ्या आणि घरी करा. योगाबद्दल विचारतात बरेच जण. आपल्या देशातच हार्ट अटॅकनंतरच्या जवळजवळ चार हजार पेशंटवर योग-केअर नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. बारा आठवडे शिकवलेल्या योगानं माणसांना आपली तब्येत जास्त चांगली वाटली आणि ती आपल्या रोजच्या कामांकडं जास्त परतली. पुढचे अटॅक त्यानं कमी होतात असं मात्र त्यात सिद्ध झालं नाही. म्हणजे योग जरूर करा, गोळ्यांच्या जागी नको. आणि छातीचं हाड जुळेपर्यंत हातावर भार येणारी आसनं नकोत, जोरजोरात कपालभाती नको.

घरच्यांनी काय करायचं

जपा, पण जखडून ठेवू नका. आमच्याकडं सुरवातीला पाण्याचा तांब्या उचलला तरी चार जण धावायचे. प्रेमानंच, पण दिवसभर नुसतं बसून राहिलं की माणसाला वाटायला लागतं आपण घराला ओझं झालो. वजनाची मर्यादा पहिले सहा-आठ आठवडे साधारण दोन-तीन किलोची असते, म्हणजे भरलेला मोठा कुकर नको, पाण्याची बादली नको, नातवंडाला उचलणं नको, दार ढकलणं ओढणं नको. पण मेथी निवडता येते, लसूण सोलता येतो, कपड्यांच्या घड्या घालता येतात, देवाची फुलं काढता येतात, नातवाचा पाढा घेता येतो, दुकानाचा हिशोब बघता येतो. रोज एक काम त्यांच्या नावावर ठेवा जे दुसऱ्या कुणी करायचं नाही. मी सुनेला म्हटलं भाजी मी निवडणार, तिनं मान्य केलं, आणि त्या सुपापुढं बसल्यावर पहिल्यांदा मला घरात असल्यासारखं वाटलं. (वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असाल तर पालेभाजी बंद नाही करायची, रोज साधारण सारख्याच प्रमाणात खायची, म्हणजे आयएनआर, रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, वरखाली होत नाही. हे डॉक्टरांकडनं नीट समजून घ्या.)

भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवा, संध्याकाळी पाच ते सहा, आणि हे सांगायचं काम पेशंटचं नाही, मुलाचं किंवा नवऱ्याचं. येणाऱ्यानं आपल्या ओळखीतल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायला सुरवात केली तर घरच्यानं सरळ विषय बदलावा. वाईटपणा आला तर येऊ द्या.

पुरुष पेशंटबद्दल एक वेगळं सांगायचंय. ते रडत नाहीत, चिडतात. जेवणाचं ताट सरकवतात, पोरांवर ओरडतात, नाही तर दिवसभर टीव्हीसमोर गप्प. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात आयुष्यभर खणखणीत आवाजात बोललेला माणूस घरी येऊन खुर्चीत बसला की त्याला वाटतं आपलं संपलं. अशा वेळी "टेन्शन घेऊ नका" म्हणण्यात काही अर्थ नाही, त्यापेक्षा शेजारी बसा आणि विचारा, "सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते हो?" आणि मग गप्प बसा, उत्तर यायला वेळ लागतो. बहुतेक वेळा उत्तर पैशाचं असतं, नाही तर मुलीच्या लग्नाचं, आणि त्यावर काही तरी करता येतं.

नवऱ्याचं, बायकोचं पण मन बघा. आमचे हे रात्री उठून माझा श्वास चालू आहे का बघायचे, मला वाटायचं मी झोपलेय तेव्हा ते पण झोपलेत. सांभाळणाऱ्याला पण आठवड्यातनं एक दुपार मोकळी हवी, कृष्णेच्या घाटावर जाऊन बसा, गणपतीला जाऊन या, मित्राकडं जा, तेवढा वेळ दुसरं कुणी तरी घरी थांबेल.

आता जे कुणी विचारत नाही ते. नवरा-बायकोचे संबंध. याची भीती दोघांना असते आणि दोघंही बोलत नाहीत, मग अंतर पडत जातं आणि त्याचा वेगळाच अर्थ लावला जातो. सर्वसाधारणपणे दोन जिने नेहमीच्या वेगानं चढून धाप लागत नसेल, छातीत दुखत नसेल, आणि हाड जुळलं असेल तर बहुतेकांना हरकत नसते, पण आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, त्यांना त्यात नवीन काही नाही. पुरुषांना औषधांमुळं किंवा नैराश्यामुळं अडचण येऊ शकते, तेही सांगायचं. ताकदीच्या (व्हायग्रासारख्या) गोळ्या परस्पर अजिबात घेऊ नका, जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीसोबत त्या जिवावर बेततात. बायकांना टाक्याच्या खुणेचा त्रास होतो, आरशात बघवत नाही, ब्लाऊजचा गळा बंद करून घेतात. माझं म्हणणं, सक्ती नको, पण रोज आंघोळीनंतर ती खूण एकदा आपल्या हातानं हळू पुसायची, जखम भरल्यावर बरं का. पुढून उघडणारी आधार देणारी अंतर्वस्त्रं सुरवातीला वापरली तर टाक्यावर ताण कमी येतो.

हे नुसतं उदास वाटणं नाही, हे कधी ओळखायचं

हा भाग नीट वाचा, बाकीचा विसरला तरी चालेल. हार्टच्या ऑपरेशननंतर साधारण पाचातल्या एका पेशंटला नुसती उदासी नाही तर खरं डिप्रेशन होतं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २००८ सालीच सांगितलंय की हृदयाच्या पेशंटना हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. गेल्या दोन आठवड्यांत, एक, कुठल्याही गोष्टीत रस किंवा आनंद वाटला नाही असं किती वेळा झालं? दोन, उदास, निराश, काही आशाच नाही असं किती वेळा वाटलं? अजिबात नाही तर शून्य, काही दिवस तर एक, निम्म्याहून जास्त दिवस तर दोन, जवळजवळ रोज तर तीन. दोन्हींची बेरीज तीन किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायचं. हे दोन प्रश्न डिस्चार्जनंतर महिन्यानं, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी स्वतःला विचारा, उत्तर तारखेसकट वहीत लिहा.

याला इतकं महत्त्व का देतेय, तर डिप्रेशन असलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, सिगरेट परत धरतो, दारूकडं वळतो, आणि अशा पेशंटचं हार्टचं पुढचं आयुष्य पण जास्त अवघड जातं हे अभ्यासांत परत परत दिसलंय. मनाचा इलाज हा हार्टच्याच इलाजाचा भाग आहे. त्यासाठी समुपदेशन आहे, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी सीबीटी नावाची पद्धत आहे, तिचा बायपासच्या पेशंटना फायदा झालेला आहे. गोळ्या पण आहेत, सरट्रालीनसारखी गोळी हार्टच्या पेशंटमध्ये तपासली गेलीय आणि बरीच वापरली जाते, तर जुन्या काही गोळ्या हार्टला चालत नाहीत. म्हणून सायकियाट्रिस्टकडं जाताना हार्टची सगळी फाईल न्यायची. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन चालू असेल तर ते मुद्दाम सांगायचं कारण सोबत रक्तस्राव वाढू शकतो, डोस आणि तपासणी ते त्याप्रमाणं ठरवतात. अश्वगंधा, ब्राह्मी, कुणी दिलेला काढा यातलं काहीही विचारल्याशिवाय नाही.

कुठं जायचं? सांगलीच्या सिव्हिलमध्ये, मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात मानसिक आजारांच्या ओपीडीची चौकशी करा. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलि-मानस, नंबर १४४१६, केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ साली सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मेडिक्लेम असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं कंपनीला मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं, पॉलिसीची कागदं काढून बघा.

"मी नसतो तर बरं झालं असतं", "तुमच्या पैशाला लागलोय, सुटलो असतो तर बरं" असं पेशंट बोलला तर ते बोलण्यावारी सोडू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा आणि शेतीची औषधं कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा १४४१६.

आणि चांगले बदल? ते येतात का?

येतात, पण सगळ्यांना येतात असं नाही आणि पहिल्या महिन्यात तर कुणालाच मागू नका. टेडेस्की आणि काल्हून या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात यावर काम केलं, मोठ्या संकटानंतर माणसांत कुठले चांगले बदल होतात त्याची पाच घरं त्यांनी मांडली. आयुष्याची किंमत जास्त कळणं, माणसांशी जवळीक वाढणं, नव्या वाटा दिसणं, आपल्यात ताकद आहे हे कळणं, आणि श्रद्धेत किंवा जगण्याकडं बघण्यात बदल. त्यातली मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट ही की हे बदल आणि दुःख एकाच वेळी एकाच माणसात राहू शकतात. म्हणजे तुम्ही अजून रात्री घाबरत असाल तरी दिवसा तुमच्यात काही तरी चांगलं उगवत असू शकतं, आणि उगवलं नाही म्हणून तुम्ही नापास नाही.

आमराईत एक काका भेटतात, बायपासवाले. दरवर्षी गावच्या दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जायचे, ऑपरेशनच्या वर्षी डॉक्टरांनी नाही म्हटलं. आषाढी जवळ आली तसे ते बोलेनासे झाले, घरातल्यांना वाटलं परत छातीत दुखतंय. मग त्यांच्या मुलानंच सुचवलं, गाडीनं पुढच्या मुक्कामाला जाऊ, तुम्ही बसून वारकऱ्यांना पाणी द्यायचं. त्यांनी ते केलं. आता डॉक्टर परत थोडं चालू देतायत, पण ते म्हणतात पाण्याची सेवा मी सोडणार नाही, चालताना मला कधी माणसांची तोंडं दिसली नव्हती. ही अशी गोष्ट बाहेरनं कुणी शिकवू शकत नाही, पण जागा करून देता येते, आणि त्या मुलानं ती करून दिली.

स्वतःसाठी जागा कशी करायची ते मला जमलेलं सांगते. साधारण तीन महिने झाल्यावर, झोप आणि भूक ठीक असेल तर, आठवड्यातनं एकदा वही घेऊन बसा आणि तीनच गोष्टींवर लिहा, या आजारानं माझं काय गेलं, काय राहिलं, आणि आता मी काय करणार नाही. पहिलं मनसोक्त लिहा, त्याला घाई करू नका, गेलेल्याचं दुःख केल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. तिसऱ्या प्रश्नातनं माझी उत्तरं आली ती साधी होती, मी आता प्रत्येक लग्नाला जाणार नाही, जिच्याशी बोलणं टाकलं होतं त्या जावेला मी आधी फोन करणार, आणि दुपारचा एक तास कुणालाही देणार नाही. जावेला फोन केला तेव्हा ती पहिल्यांदा गप्पच बसली, मग म्हणाली "वहिनी, आवाज बारीक झालाय तुमचा", आणि दोघी रडलो. आता ती दर गुरुवारी येते.

नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जा, हेही एक. सल्ला द्यायला नाही, नुसतं चालत त्यांच्या दारात जायचं. तुम्ही जिना चढून आलेले बघून त्यांना जे वाटतं ते कुठल्या गोळीनं वाटत नाही. पण तुमचं स्वतःचं मन त्या आठवड्यात डळमळीत असेल तर पुढच्या आठवड्यात जा.

ऑपरेशनची तारीख परत आली की काही जणांना आठ दिवस आधीपासनं बेचैनी होते, झोप उडते. ते अपेक्षितच धरा, त्या आठवड्यात मोठी कामं ठेवू नका, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

पुढच्या फॉलोअपला जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या, कारण केबिनमध्ये गेल्यावर सगळं विसरतं. झोप किती तास लागते. त्या दोन प्रश्नांची बेरीज किती आली. कशाची भीती वाटून काय करायचं सोडलंय. कुठली गोळी सुरू झाल्यापासनं बदल वाटतोय. कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "हे पण बघा".